रहेमानचाचांनी दिलेल्या गोळ्या

आशा कार्यकर्ती म्हणून सात वर्षं मी टीबीच्या तपासणीसाठी गावातल्या लोकांच्या थुंकीच्या डब्या गोळा केल्या. आठव्या वर्षी माझी स्वतःची डबी भरायची वेळ आली, तेव्हा मी ती बारा दिवस भरली नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं वाचताना कुणाला वाटायला नको की मी फार शहाणी बाई होते.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी मी, पूर्वाचे बाबा, आठ वर्षांची पूर्वा आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. पूर्वाचे बाबा शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. सकाळी सातला निघतात ते दिवेलागणीलाच परत येतात.

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. कापूस वेचणीचे दिवस होते, गावात सगळेच खोकत होते, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. गुलाबी साडीचं ब्लाऊज सैल झालं, ते मी आतून शिवून घेतलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासणी करा, हे वाक्य मी दारोदार इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हणू शकले असते. माझ्या खोकल्याला दोन आठवडे झाले तेव्हा मी मनाशी म्हटलं, मधले दोन-तीन दिवस बरं वाटत होतं, ते मोजायचे नाहीत.

भीती मरणाची नव्हती. औषधाने माणूस बरा होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. भीती होती ती दारांची. बाळंतिणीच्या खोलीत मला थेट आत घेतात. बाळ माझ्या हातात देतात. उद्या हीच दारं बंद झाली तर मी कोण उरणार होते?

रहेमानचाचांनी मला पकडलं. चाचा आमच्या गावचे पिंजारी. गाद्या-रजया भरून देतात. चार वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता आणि त्यांना गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना खोकले. त्यांनी हातातला दोरा खाली ठेवला.

"बेटा, इकडं ये."

"घाई आहे चाचा."

"हा खोकला मले माहीत हाये," ते म्हणाले. "माह्या छातीत राहून गेला हा. डबी भरली का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काऊन नाई भरली?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्या पिशवीत रिकाम्या डब्या कायम असायच्या. म्हणाले, "उद्या सकाळी उठल्याबरोबर. चूळ भरून. तूच सांगतं ना?"

नाव लिहिताना

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. फॉर्म भरायची मला सवय होती. रुग्णाचे नाव या रकान्यापाशी पेन थांबला. तिथल्या तपासनीस भाऊंनी डबी हातात घेतली आणि विचारलं, "ताई, पेशंट सोबत नाही आणला?"

"मीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि म्हणाले, "बसा ना. पंख्याखाली बसा." इतकंच. पण पंख्याखाली बसा म्हणणारा तो आवाज मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. मी तोंडाला रुमाल बांधून, बाळांपासून लांब, नुसत्या नोंदी लिहीत बसले होते. फोन वाजला. टीबी निघाला होता. समोर आया रांगेत होत्या, एक बाळ मोठ्याने रडत होतं. मी वही लस टोचणाऱ्या सिस्टरांच्या हातात दिली आणि त्यांच्या कानाजवळ न जाता, दोन हात लांबूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी जा. मी आहे इथे." मी मागच्या दाराने निघाले. पुढच्या दाराने जायचा धीर झाला नाही.

घरी आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. मी उंबऱ्यातूनच सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग त्या उठल्या, आतल्या खोलीतून पूर्वाची गोधडी उचलली आणि स्वतःच्या बाजेवर नेऊन टाकली. संध्याकाळी माझं ताट, वाटी आणि पेला वेगळ्या कोनाड्यात गेला. ताट-वाटीने टीबी पसरत नाही, हे मी गावभर सांगत फिरले होते. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ते सांगायला माझं तोंड उघडेना.

पूर्वाने विचारलं, "आई, मी काही केलं का?"

तिला वाटलं, मी तिच्यावर रागावून वेगळी झोपते. मी ओसरीवरून, मास्कमधून तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि तिची बाहुली माझ्या दिशेने जमिनीवरून सरकवली. "ही झोपेल तुझ्याजवळ. हिले खोकला होत नाही."

सारिकाचं घर

टीबी निघाला की सोबत राहणाऱ्यांची आणि जवळ आलेल्यांची यादी करतात. हे काम मी दुसऱ्यांसाठी केलेलं. माझी यादी करायला प्रमिलाताई आल्या. त्या तालुक्यात टीबीवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहेत. त्यांना स्वतःला वीस वर्षांपूर्वी हा आजार होऊन गेला. त्या ओसरीवर माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि चहा मागितला. आत्याबाईंनी चहा दिला. प्रमिलाताईंनी तो पिता पिता घरच्यांची नावं लिहून घेतली.

"अजून?" त्यांनी विचारलं.

अजून एक नाव होतं. सारिका. पहिलटकरीण. खोकला अंगावर काढत होते त्या दिवसांत मी तिच्या घरी चार वेळा गेले होते, तिच्या दीड महिन्याच्या मुलीचं वजन करायला. प्रत्येक वेळी बाळ मांडीवर घेतलं होतं.

प्रमिलाताईंनी नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "तिले मी सांगू का, तुम्ही सांगता?"

"मी सांगते."

"मी सोबत येते. बोलायचं तुम्ही."

सारिकाच्या अंगणात मी फाटकापाशीच उभी राहिले. मास्क नीट केला आणि सांगितलं की मला टीबी निघाला आहे, मी वेळेवर तपासणी केली नाही, आणि बाळाला डॉक्टरांना दाखवून घ्यायला पाहिजे. सारिका आधी हसली. तिला वाटलं, मी दुसऱ्या कुणाचं सांगते आहे. मग तिचा चेहरा बदलला.

"ताई, तुमाले माहीत होतं?"

"शंका होती."

"शंका होती अन् माही पोरगी मांडीवर घेतली तुम्ही?"

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. प्रमिलाताई बाहेर थांबल्या, मला घरी जायला सांगितलं. नंतर कळलं, त्या तिथे पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या, दार उघडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच सारिकाला आणि बाळाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बाळाला काही निघालं नाही. डॉक्टरांनी काही महिने वजनावर आणि तब्येतीवर लक्ष ठेवायला सांगितलं. पूर्वाचा एक्स-रेही साफ आला, पण घरात राहते म्हणून तिला आठवड्यातून एकदा घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. आठ वर्षांची पोर पाण्याचा पेला हातात धरून गोळी गिळताना डोळे घट्ट मिटायची. ते बघताना वाटायचं, माझ्या त्या बारा दिवसांची ही किंमत आहे.

हे लिहिताना अजूनही लाज वाटते. पण कुणी आज अशीच रिकामी डबी पिशवीत घेऊन फिरत असेल, तर तिच्यासाठी लिहिते. लपवल्याने दारं उघडी राहत नाहीत.

आ कर

गोळ्या रोज कुणाच्या तरी नजरेसमोर घ्यायच्या असतात. एरवी ते काम आशाचं. आमच्या गावची आशा मीच. पूर्वाचे बाबा सातलाच निघणारे, आत्याबाई गोळ्यांच्या पाकिटाला हात लावायला तयार नव्हत्या. प्रमिलाताई म्हणाल्या, "तुमच्या हातानं बरं झालेलं कोणी आहे का गावात?"

रहेमानचाचा आहेत, असं सांगताना मला हसू आलं. चाचा माझे सगळ्यात वाईट पेशंट होते. पहिले दोन महिने मला फसवत राहिले. गोळी गालात धरायचे आणि मी वळले की कापसाच्या ढिगात थुंकायचे. एक दिवस त्यांच्या बायकोला, चाचीला, गादी भरताना कापसात लाल गोळ्या सापडल्या. तेव्हापासून मी रोज त्यांच्या ओट्यावर बसून राहायची आणि म्हणायची, आ करा चाचा, जीभ वर करा. शिव्या देत देत ते बरे झाले. नंतर संस्थेने बरे झालेल्या लोकांचं शिबिर घेतलं, त्याला गेले आणि नव्या पेशंटांना मदत करणाऱ्यांच्या वहीत नाव-बिव लिहून आले. पण गावात कुणी त्यांना त्या कामाला बोलावलं नव्हतं.

प्रमिलाताईंनी बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर आठला ते आमच्या ओसरीवर हजर. धुतलेला पायजमा, खिशाला पेन.

"नाश्ता झाला?"

"हो."

"घे." मी गोळ्या गिळल्या.

"आ कर."

"चाचा!"

"आ कर म्हणतो ना. जीभ वर."

मी तोंड उघडलं. त्यांनी चष्मा सावरून नीट बघितलं आणि कार्डावर खूण केली. मग समाधानाने म्हणाले, "आता कळलं तुले, कसं वाटते ते?"

खरंच कळलं. आठ गावकऱ्यांना मी गोळ्या दिल्या होत्या. तोंडात चार तासांपर्यंत राहणारी ती कडवट चव, अन्नाच्या वासाने ढवळून येणं, लाल लघवी बघून पहिल्या दिवशी दचकणं, यातलं काही मला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगायची, होतं असं, घ्या. चाचा तसं म्हणत नसत. ते म्हणायचे, "मले बी व्हायचं. भाजलेले चणे खा थोडे." आणि खिशातून कागदात बांधलेले चणे काढायचे.

गावात अर्थातच कळलं. पाणी भरताना बाया माझ्यापुढे जागा सोडायला लागल्या, म्हणजे खूपच जागा. चाचा रोज भर रस्त्याने माझ्या घरी येत, ओसरीवर बसून पाणी पीत, चारचौघांना दिसेल असं. ते मुद्दाम करायचे हे मला फार उशिरा समजलं.

पिवळे डोळे

सातव्या आठवड्यात जेवण बंद झालं. जे पोटात जाईल ते बाहेर पडायचं. मी कुणाला सांगितलं नाही. एक दिवसही गोळी चुकवायची नाही, हे मी इतरांना दरडावून सांगितलेलं. माझ्याकडूनच चुकली तर लोक काय म्हणतील, हेच डोक्यात.

त्या सकाळी चाचांनी पाकीट उघडलंच नाही.

"तोंड उजेडाकडं कर," ते म्हणाले.

मी वळले. त्यांनी वाकून बघितलं. "डोळे पिवळे झाले तुहे."

"जागरणानं असेल. द्या गोळ्या."

"नाई देत."

"चाचा, एक बी दिवस चुकवायचा नाही. मीच शिकवलं ना तुम्हाले?"

"तू हे बी शिकवलं होतं, का डोळे पिवळे झाले तर पहिले डाक्टरले दाखवाचं." त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि वर हात ठेवला. "तू भुलली. मी नाई भुललो."

मी भांडले. ते हलले नाहीत. तिथूनच त्यांनी प्रमिलाताईंना फोन लावला. दुपारपर्यंत मी तालुक्याच्या दवाखान्यात होते आणि संध्याकाळी बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात. कावीळ होती, औषधांनी यकृताला सूज आलेली. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गोळ्या गेल्या असत्या तर अवघड झालं असतं. चार वर्षांपूर्वी मी दिलेल्या गोळ्या थुंकणाऱ्या माणसाने मला गोळी घेऊ दिली नाही, म्हणून मी हे लिहायला आहे.

आत्याबाई

वॉर्डातले दिवस सारखेच असतात. पहाटे झाडू मारणाऱ्या मावशींच्या बादलीचा आवाज, मग रक्त घ्यायला सिस्टर, मग डॉक्टरांची फेरी, मग पातळ वरण-भात. खिडकीतून एक कडुलिंब आणि धुतलेल्या चादरींची दोरी दिसायची. पूर्वाचे बाबा पहिले तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी त्यांना कामाला परत जावं लागलं आणि मी एकटी राहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून रडले. खोकला येईल म्हणून आवाज दाबून, पण रडले.

पाचव्या दिवशी दुपारी दारात आत्याबाई उभ्या होत्या. शेगाव, खामगाव करत, एसटी बदलत, एकट्या आल्या होत्या. आयुष्यात बुलढाणा त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हातात पिशवी, तोंडाला चाचांनी दिलेला मास्क, पण उलटा लावलेला.

त्या पलंगापाशी बसल्या. फडक्यात बांधून आणलेली मऊ भाकरी ताकात कुस्करली आणि चमचा माझ्या तोंडापुढे धरला. मी खाल्लं. उलटी झाली नाही. मग पिशवीतून फणी काढून माझे केस विंचरायला घेतले. दवाखान्यात येण्याआधीपासून न विंचरलेले, जटा झालेले केस. त्या एकेक गाठ बोटांनी सोडवत होत्या.

मागूनच, मला चेहरा दिसणार नाही असं बसून, त्या बोलल्या. "माह्या भावाले होता हा रोग. तुले माहीत नाई. कोनालेच नाई सांगितलं मी."

फणी केसांतून फिरत राहिली.

"त्याले गोठ्यात ठेवलं होतं. मायनं सांगितलं, तिकडं जायचं नाई. मी नऊ वर्साची होती. तो हाका मारे, ताई पानी दे. मी भिंतीआडून आयकत राहे. एकदा बी गेली नाई." फणी थांबली. "तुही थाळी मी वेगळी ठेवली ना, त्या दिवसापासून तो मले रोज हाका मारून राह्यला."

मी मागे हात नेला. त्यांनी तो धरला. मी म्हटलं, "आत्याबाई, तेव्हा औषधच नव्हतं तुमच्यापर्यंत पोचलेलं. तुम्ही लहान होत्या."

"आता तर मोठी हाये ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा केस विंचरायला लागल्या.

त्या सहा दिवस माझ्याजवळ राहिल्या. सिस्टरांनी मास्क सरळ लावायला शिकवला, तेच त्या शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या नातेवाइकांना शिकवत बसायच्या. घरी परत आलो त्या दिवशी माझं ताट सगळ्या ताटांमध्ये होतं.

नंतरचं

कावीळ उतरल्यावर एकेक औषध, थांबून थांबून, पुन्हा सुरू केलं. त्यामुळे सहा महिन्यांचे साडेसात झाले. चाचा रोज आठला येत राहिले. आता गोळ्यांआधी डोळे तपासायचे, मग जीभ. मधल्या काळात माझं काम शेजारच्या वस्तीवरच्या आशाने सांभाळलं. थुंकीच्या दुसऱ्या तपासणीत जंतू नाहीत असं आल्यावर मी हळूहळू कामावर गेले. काही दारं लगेच उघडली, काही अजूनही अर्धीच उघडतात.

सारिकाबद्दल लोक विचारतात. तिने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ती तसं म्हणाली नाही. तिची मुलगी आता रांगते. मागच्या महिन्यात अंगणवाडीत वजनाच्या दिवशी सारिकाने बाळ स्वतःच काट्यावर ठेवलं, मला हात लावू दिला नाही. पण आकडा बघून म्हणाली, "वाढलं ना ताई?" मी म्हटलं, "छान वाढलं." एवढं बोलणं झालं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

संस्थेच्या महिन्याच्या बैठकीत आता मी आणि चाचा दोघंही जातो. ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजीवर बसून नव्या पेशंटांना आपलं सांगतो. मी आधी ते बारा दिवस सांगते. चाचा कापसातल्या गोळ्यांचं सांगतात आणि सगळे हसतात. हसले की मग बोलायला लागतात.

शेवटची गोळी एका मंगळवारी घेतली. आत्याबाईंनी शिरा केला होता. चाचांनी कार्डावर शेवटची खूण केली, कार्ड दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि नेहमीपेक्षा लवकर उठून गेले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते आम्हाला दिसू नयेत म्हणून.

बुधवारी सकाळी मी पूर्वाची वेणी घालत होते. बरोबर आठला फाटक वाजलं. चाचा. धुतलेला पायजमा, खिशाला पेन. आत येऊन ओसरीवर बसले, माझ्याकडे बघितलं आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. ओशाळून उठायला लागले.

"बसा ना चाचा," मी म्हटलं. "पलीकडच्या आळीत एकजण आहे. काल रिपोर्ट आला त्याचा. दार उघडून नाही राह्यला माझ्यासाठी."

चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चणे घेऊन येतो," ते म्हणाले. "तू हो पुढं."